न आलेल्यांचा वाटा

रविवारच्या उपासनेत सगळ्यांत कमी लक्ष देऊन काय ऐकलं जात असेल, तर सूचना. गीत होतं, वचन वाचलं जातं, अर्पणाची थैली फिरते आणि मग सेक्रेटरी किंवा पाळक हातात कागद घेऊन उभा राहतो. मंगळवारी अमुक घरी प्रार्थना सभा. गुरुवारी महिला मंडळ. शनिवारी संध्याकाळी गायनाचा सराव, तबला वाजवणाऱ्यांनी वेळेवर यावं. अमक्या बाईंचं ऑपरेशन आहे, प्रार्थनेत आठवण ठेवावी. तेवढ्यात बायका पिशव्या आवरू लागतात, शब्बाथ शाळेतली पोरं दाराकडे सरकतात. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये मी ३१ वर्षं पाळकाची सेवा केली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. एवढ्या काळात हजारावर प्रवचनं केली असतील, पण मंडळी म्हणजे काय हे मला त्या कागदाने शिकवलं. प्रवचन मी लिहीत होतो. कागदावर काय यायचं ते लोकांचं आयुष्य ठरवत होतं.

इतर धर्मांच्या वाचकांसाठी दोन शब्द आधी उलगडतो. इमारतीला आमच्याकडची जुनी माणसं ‘देऊळ’ म्हणतात, माणसांच्या समूहाला ‘मंडळी’. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘एक्लेसिया’ आहे, म्हणजे बोलावून जमवलेली सभा. मराठी भाषांतरकारांनी तिच्यासाठी घरातलाच शब्द उचलला. जेवायला बसलेली मंडळी, लग्नाला आलेली मंडळी, तीच ही. मला हा शब्द मुळाहूनही जवळचा वाटतो. दुसरा शब्द ‘कोइनोनिया’. मराठीत त्याची सहभागिता, सहवास अशी रूपं झाली. सहवास म्हटलं की उपासनेनंतरचा चहा डोळ्यांपुढे येतो. पण मूळ शब्द व्यवहारातला आहे. लूकच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान हे शिमोनाचे मासेमारीच्या धंद्यातले भागीदार, तिथे याच शब्दाचं रूप येतं. मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी काढली, तिलाही पौल हेच नाव देतो. म्हणजे संगतीत आला तो वाटेकरी झाला. नफ्यात, तोट्यात आणि ताटातही.

हे मला सेमिनरीत शिकवलं होतं आणि परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. कळलं मात्र पुढे, एका म्हाताऱ्या बाईंमुळे.

माझी पहिलीच मंडळी. पन्नासेक घरं, पत्र्याचं देऊळ, समोर बाभळ. नोव्हेंबरअखेर बघतो तो बाकं निम्मी रिकामी. मी तरुण होतो, शिस्तीवर माझा फार भरवसा होता. सलग तीन रविवार न आलेल्या कुटुंबांची नावं मी सूचनांमध्ये वाचून दाखवली आणि गैरहजेरीबद्दल चार कडक शब्द बोललो. कुणी काही म्हणालं नाही. उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना त्या बाईंनी माझा हात धरूनच ठेवला. “पाळकसायेब, पोटामागं गेलेल्याला गैरहजर म्हणत्यात व्हय?” ती सगळी कुटुंबं ऊसतोडीला गेली होती. दसरा-दिवाळीच्या दरम्यान मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोचा ‘कोयता’ कारखान्याच्या तळावर जातो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही, हे त्या जिल्ह्यात राहून मला माहीत होतं. ज्यांची नावं मी वाचली, ती हीच माणसं आहेत हे मात्र मला माहीत नव्हतं. पाळकाला याहून मोठी लाज नाही.

त्या रात्री मी जस्टिन काढून वाचला. इ.स. १५५ च्या सुमारास या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने सम्राट अंतोनिनस पायस याला उद्देशून आपल्या लोकांची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. रविवारी आम्ही काय करतो, हे त्यात सांगितलं आहे. शहरात आणि खेड्यात राहणारे एका जागी जमतात, वेळ असेल तोवर वाचन होतं, प्रमुख बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटले जातात. आजही आमच्या उपासनेचा क्रम जवळजवळ हाच आहे. पण जस्टिन आणखी एक गोष्ट लिहितो, जी मी परीक्षेसाठी पाठ करून विसरलो होतो. जे आलेले नसतात, त्यांचा वाटा डीकनांच्या, म्हणजे मंडळीच्या सेवकांच्या, हाती त्यांच्याकडे पाठवला जातो. जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची काळजी घेतली जाते. न आलेल्याचा वाटा! त्याचं नाव वाचून त्याला बोल लावायचा नव्हता; त्याच्यासाठी भाकरीचा तुकडा बाजूला काढून चालू लागायचं होतं.

त्याहीआधी, ११२ च्या सुमारास, बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र गातात. मग पांगतात आणि पुन्हा एकत्र येऊन साधं अन्न खातात. उजाडण्यापूर्वीच का, याची कारणं अभ्यासक निरनिराळी देतात. मी खेड्यातला पाळक. मला त्यात कामावर जाणारी माणसं दिसतात. रविवार तेव्हा सुट्टीचा दिवस नव्हता, रोमन साम्राज्यात तो ३२१ साली कॉन्स्टंटाइनच्या हुकुमाने झाला. त्याआधीच्या पिढ्यांनी कामाला लागण्यापूर्वी किंवा काम संपल्यावर देवाची भक्ती केली. करिंथच्या मंडळीला पौलाने ज्यावरून झापलं तेही हेच होतं. प्रभुभोजनाला सुखवस्तू लोक आधी येऊन जेवून घेत आणि ज्यांच्याजवळ काही नाही ते उपाशी राहत. पौलाने त्यांना एकमेकांसाठी थांबायला सांगितलं.

एकत्र जेवण्याला आमच्या मातीत आणखी एक धार आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. पुढे या भागात मंडळीत आलेले बहुसंख्य लोक महारवाड्यांतले आणि मांगवाड्यांतले होते, थोडे ब्राह्मणही आले. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांच्या हातून आलेला प्याला ओठाला लावायचा, हे त्या काळी तोंडाने सांगण्याइतकं सोपं नव्हतं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त सोवळ्याओवळ्याची ही गाठ आपल्या मनात कशी हळूहळू सुटली ते लिहिलं आहे. मंडळीच्या इतिहासाचं माझ्या मते त्याहून खरं पुस्तक मराठीत नाही. ती गाठ आम्हा सगळ्यांची सुटली, असं मात्र मी म्हणणार नाही. एकाच पावाचा तुकडा खाऊन घरी गेलेली माणसं मुलीचं स्थळ बघताना अजून जुन्या जातीची चौकशी करतात. मी हे व्यासपीठावरून बोललो आहे, माझ्यावर रागावून काही कुटुंबं वर्षभर आली नाहीत. त्यांच्याही घरी वाटा घेऊन गेलो.

तर, त्या बाईंच्या प्रश्नानंतर सूचनांचा कागद बदलला. आधी फक्त एक ओळ वाढली: तोडीला गेलेल्यांसाठी प्रार्थना. दुसऱ्या वर्षी आम्ही तोडीला निघणाऱ्यांसाठी दिवाळीच्या सुट्टीत निरोपाची उपासना ठेवली. कोयते, पाण्याचे हंडे, बांधलेली गाठोडी देवळासमोर, बैल बाभळीखाली. तिसऱ्या वर्षी महिला मंडळाने ठरवलं, की नाताळच त्यांच्याकडे न्यायचा.

नाताळचा फराळ आमच्याकडे दिवाळीच्या फराळासारखाच असतो. करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळे. शेजारच्या घरांवर दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच आमच्या दारांवर कागदी चांदण्या चढतात. त्या वर्षी सगळ्या घरांतून डबे आले आणि डिसेंबरच्या एका शनिवारी आम्ही अकरा जण टेम्पोत बसून शंभरावर किलोमीटर लांबच्या तळावर गेलो. पाचटाच्या कोप्या, धुरकट थंडी, टायरगाड्यांच्या मधून वाट. आमची माणसं आम्हाला बघून उभीच राहिली. एका बाईने पहिला प्रश्न केला तो, “कोण वारलं?” चांगल्या कारणाने कुणी इतक्या लांब येतं हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

आठला उपासना सुरू केली. वचन वाचून होतंय तोच मुकादमाची शिट्टी झाली. ट्रक आला होता, तो भरायला गडी पाहिजे होते. पुरुष उठले, दोघी-तिघी बायकाही उठल्या. आमच्यातले एक वडील म्हणाले, “साहेब, उरलेल्यांना प्रभुभोजन देऊन घेऊ, परत जायला उशीर होईल.” मला करिंथ आठवलं. आम्ही थांबलो.

थांबलेला वेळ गाण्यात गेला. मनुकांचा रस आणि पाव पांढऱ्या फडक्याखाली झाकून ठेवला होता. पेटी टेम्पोतून हादरून आली होती, तिच्या दोन पट्ट्या बसल्या होत्या. तरी आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणू लागलो. टिळकांचं मोठेपण मला तिथे जितकं दिसलं तितकं कुठल्या ग्रंथालयात दिसलं नाही. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोवर मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरं त्यांच्याच परक्या चालींवर पुष्कळ म्हटली जात. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी देशी पदं आणि ख्रिस्ती कीर्तनं आधीच रुजवायला घेतली होती. त्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला छापलं गेलं होतं. पण तुकोबांच्या छंदात येशूला हाक मारायला साऱ्या मंडळीला शिकवलं ते टिळकांनी. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकात त्यांची गीतं आजही ठायी ठायी आहेत. आम्ही दुसरा अभंग घेतला तेव्हा पलीकडच्या कोपीतून एक म्हातारे वारकरी टाळ घेऊन आले. त्यांना शब्द नवे होते, ठेका जन्माचा ओळखीचा होता. ते बसले आणि वाजवू लागले. कुणी त्यांना काही विचारलं नाही.

ट्रक भरून माणसं परतली तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती. हातांना उसाची कूस लागलेली, अंगावर राख आणि चिकटा. हात धुवायला हंड्यातलं पाणी सगळ्यांना पुरलं नाही. मी भाकर मोडली. उपासनेची जी विधिवाक्यं मी शेकडो वेळा म्हटली होती, ती त्या रात्री म्हणताना दोनदा थांबावं लागलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मंडळीचं वर्ष आपल्या गतीने फिरत राहतं. आम्ही ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, त्याची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली, सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या तेव्हा एक झाल्या. तो दिवस आम्ही पाळतो. त्याच्या आगेमागेच आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार येतो. मग गायनाचे सराव, ढोलकी-झांजा घेऊन रात्रीची नाताळफेरी, ३१ डिसेंबरची रात्रीची उपासना. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया त्या दिवसाची प्रार्थना तयार करतात आणि जगभर ती म्हटली जाते. आमच्याकडे ती सर्वस्वी बायकाच चालवतात आणि पाळक मागे बसतो, हे मला नेहमी आवडत आलं आहे. तोवर एखाददुसरा कोयता परतू लागलेला असतो. पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे, अंधारातच, आम्ही कबरस्थानात जमतो. त्या दिवशी बहुतेक सगळे असतात. जमिनीखालचे धरून.

गैरहजेरीचे प्रकार मात्र वाढले. आता तोडीपेक्षा पुण्या-मुंबईला गेलेले अधिक. तरुण मुलं चाकणच्या कारखान्यांत पाळी करतात, रविवारही पाळीत जातो. मोठ्या शहरी मंडळ्यांत त्यांना कुणी नावाने ओळखत नाही. कॅमेऱ्यासमोरची उपासना ती मोबाइलवर बघतात. मी तिला नावं ठेवत नाही, खाटेवरच्या आजाऱ्याला तिचा मोठा आधार आहे. पण पडद्यातून वाटा हातात देता येत नाही. म्हणून आमच्या तरुण पाळकांनी गेल्या वर्षी वेगळं केलं. पाळी बदलते त्या वेळेला धरून, चाकणजवळ एका मुलाच्या भाड्याच्या खोलीवर महिन्यातून एकदा प्रार्थना सभा ठेवली. दहा बाय बाराची खोली. पहिल्या वेळी चौघं आली, आता जिन्यात बसतात.

मी तिसऱ्या बाकावर बसतो आणि सूचना कान देऊन ऐकतो. ज्या बाईंनी माझा हात धरला होता, त्या कबरस्थानात बाभळीच्या बाजूच्या ओळीत आहेत. त्यांच्या नातसुनेकडे आता महिला मंडळाची वही असते. गेल्या रविवारी तीच कागद घेऊन उभी राहिली. निरोपाची उपासना लक्ष्मीपूजनानंतरच्या रविवारी सकाळी नऊला. गाठोडी बाहेर ठेवावी, बैलांसाठी पाण्याची सोय केली आहे. युवकांचं शिबिर सुट्टीत तीन दिवस, पांघरूण ज्याचं त्याने आणावं. तळावरच्या नाताळासाठी यंदा दोन टेम्पो आहेत, एक कारखान्याकडे जाईल, दुसरा चाकणला. फराळाचे डबे आदल्या शुक्रवारपर्यंत द्यावे आणि झाकणावर नाव घालू नये. पेटी दुरुस्तीला टाकली आहे. टाळांचा एक जोड जास्तीचा घ्यायचा आहे, कुणाकडे असल्यास कळवावं.