थांबण्याचे बळ

ज्याला धावण्याची सवय, त्याला थांबणे फार जड जाते. पहाटे तालमीत घुमणारा, सुट्टीत नदीचा डोह पार करणारा, संध्याकाळी कबड्डीचे मैदान गाजवणारा मुलगा एखाद्या दिवशी घसरून पडतो. पायाचे हाड मोडते, पायाला प्लास्टर बसते आणि त्याचे जग एकाएकी खाटेएवढे लहान होते. वेदना हळूहळू ओसरते. परंतु खिडकीतून सवंगड्यांचा कल्लोळ ऐकू आला म्हणजे मनाला होणारी तगमग काही केल्या ओसरत नाही. आजवर लोकांनी त्याला त्याच्या पायांच्या वेगानेच ओळखलेले असते. तो वेग गेल्यावर आपण कोण उरलो, असा प्रश्न त्याला पडतो.

अशा वेळी मन उतावीळ होते. शरीर मात्र आपल्या कामात गढून गेलेले असते. मोडलेल्या हाडाभोवती प्रथम रक्त साकळते. काही दिवसांनी त्या जागी एक मऊ सांधा तयार होऊ लागतो. पुढे त्यात कॅल्शियमसारखी द्रव्ये साचून तो कठीण होतो. हे काम कित्येक आठवडे चालते आणि वरून पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही. पेरलेले बी रुजले की नाही, हे पाहण्यासाठी जो रोज माती उकरतो, त्याच्या हाती अंकुर लागत नाही. कच्च्या सांध्यावर भार टाकणाऱ्याचीही तीच गत होते.

परंतु विश्रांतीलाही मर्यादा आहे. जे स्नायू वापरले जात नाहीत, ते रोडावतात. म्हणून प्लास्टर काढल्यावर पाय बारीक दिसतो. डॉक्टरांनी अनुज्ञा देताच प्रथम बोटे हलवावी, मग गुडघा वाकवावा, मग कुबडीच्या आधाराने चार पावले टाकावी, असा क्रम असतो. काल ज्याने मैदानाला दहा फेऱ्या मारल्या, त्याला आज त्या चार पावलांनी घाम फुटतो. त्या चार पावलांची लाज न वाटणे, हाच त्या दिवसांतला खरा व्यायाम होय.

मोडलेले हाड बहुधा सांधते. काही दुखापती मात्र अशा असतात, की गेलेले बळ पुन्हा येत नाही. पाठीच्या कण्याची जखम ही त्यांपैकी एक. असे जखमी पूर्वी अंथरुणालाच खिळून राहत. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी खेळ हाच उपचाराचा भाग केला. 1948 साली तेथे 16 जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरली. त्या छोट्या स्पर्धेतूनच पुढे दिव्यांग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा, म्हणजे पॅरालिंपिक, उदयास आल्या.

या स्पर्धांत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यात जन्मले. बालपणी कुस्तीची आवड असलेले पेटकर सैन्यात गेल्यावर मुष्टियोद्धे म्हणून नावारूपास आले. 1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्धाला पायांचा आधार लागतो. तो खेळ त्यांना कायमचा अंतरला.

उपचारांचा भाग म्हणून त्यांना पोहण्यास सांगण्यात आले. पाणी शरीराचा भार तोलून धरते; जे पाय जमिनीवर उभे राहू शकत नव्हते, त्यांनी पाण्यात उभे राहण्याची गरजच नव्हती. ठोसे मारण्यासाठी कमावलेले दंड आणि खांदे आता पाणी कापण्याच्या कामी आले. 1968 साली तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी 50 मीटर पोहण्याची शर्यत 37.33 सेकंदांत जिंकली आणि जागतिक विक्रम केला. 2018 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.

बरे होणे म्हणजे नेहमीच पूर्वीसारखे होणे नव्हे. पेटकरांचे पाय त्यांना परत मिळाले नाहीत. गेलेल्या बळाचा शोक करावासा वाटणे स्वाभाविकच आहे; पण त्या शोकात उरलेले बळ मोजायचे राहून जाऊ नये. पेटकरांनी ते मोजले, त्याला साजेसे काम शोधले आणि रोज थोडेथोडे वाढवत नेले. त्यांचे मैदान बदलले. खेळाडू तोच राहिला.