त्रुटी क्रमांक ३१

आरोंद्यास तेरेखोलच्या कांठीं आमचें घर आहे. गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं सायंकाळीं नववीचा एक विद्यार्थी आपला लॅपटॉप पिशवींत जपून घेऊन आमच्या पडवींत आला. शाळेच्या वार्षिकांतील जुन्या निबंधांची सूची वेबसाइटवर लावावी, असें त्यानें मनांत घेतलें होतें. व त्यासाठीं ‘रिअ‍ॅक्ट’ हें साधन वापरलें होतें. जावास्क्रिप्ट भाषेंतील हें साधन फेसबुक कंपनीनें २०१३ सालीं सर्वांस खुलें केलें.

काल दिसणारें पान आज कोरें होतें. ब्राउझरच्या कन्सोलमध्यें ‘त्रुटी क्रमांक ३१’ असें लिहून पुढें एक लांबलचक दुवा दिला होता. “सर, माझ्या हातून हें व्हायचें नाहीं,” तो म्हणाला.

आम्ही दोघे शोधावयास बसलों. नुसत्या आंकड्यास कारण आहे. पान लोकांसाठीं प्रसिद्ध होतें, तेव्हां तें हलकें होऊन लवकर उघडावें म्हणून रिअ‍ॅक्ट आपले लांब खुलासे गाळतें आणि त्यांच्या जागीं क्रमांक व खुलाशाचा दुवा ठेवतें. आंकडा पाहूनच मुलाचा धीर सुटला होता. दुवा त्यानें उघडला नव्हता. तो उघडतांच उलगडा झाला. ऑब्जेक्ट, म्हणजे अनेक कप्प्यांत ठेवलेली माहिती, जशीच्या तशी पानावर मांडतां येत नाहीं, असें तेथें म्हटलें होतें. आणि सांपडलेले कप्पे होते ‘नांव’ व ‘आडनांव’.

त्यानें कपाळावर हात मारला. इतर सर्व नोंदींत लेखकाचें नांव एकत्र होतें. आदल्या रात्रीं घातलेल्या एकाच नोंदींत त्यानें तें दोन कप्प्यांत विभागलें होतें. अशी चूक सांवरण्याची तजवीज नसल्यास रिअ‍ॅक्ट सारेंच पान काढून घेतें. एक ओळ बदलली, आणि सगळे निबंध पुन्हा दिसूं लागले.

तो हंसला, मी मात्र गप्प झालों. त्याच्या पिशवींतून बीजगणिताची वही डोकावत होती. ती चाळली. पानोपानीं माझ्याच तांबड्या शाईची फुली व ‘चूक’ हा एकच शब्द. कोणती पायरी चुकली याचा पत्ता नाहीं, खुलाशाचा दुवाहि नाहीं! “माझ्या हातून हें व्हायचें नाहीं” हें वाक्य तो कोठें शिकला, तें मला तेव्हां कळलें. वीस वर्षें मी असेच आंकडे वांटीत आलों होतों.

साधन करणारे आपले निरोप सुधारीत असतात. डिसेंबर २०२४ मधील १९ व्या आवृत्तींत त्यांनीं कांहीं खुलासे अधिक स्पष्ट केले. मग शिक्षकानें कां सुधारूं नये? हल्लीं मी फुलीशेजारीं ‘तिसऱ्या पायरीपर्यंत बरोबर’ असें लिहितों. वह्या तपासण्यास वेळ अधिक लागतो, क्वचित् कंटाळाहि येतो. परंतु तो मुलगा आतां वही घेऊन आपण होऊन येतो.

विद्यार्थिमित्रांनो, फुली दिसतांच वही मिटूं नका, “कोठें चुकलें?” असें विचारा. आणि पालकांस विनंति ही, कीं गुण किती हें विचारण्यापूर्वीं मूल कोठवर बरोबर आलें, तें पाहावें.