धोदाणीचा चढ

गेल्या वर्षी माझा शुगरचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी विचारलं, "सर, दिवसातून चालता किती?" मी म्हणालो, "फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत." ते हसले नाहीत. घरी आल्यावर अकरावीतली माझी मुलगी म्हणाली, "अब्बू, सायकल घेऊ या. दोन. एक तुम्हाला, एक मला." मी नको म्हणालो. कारण मात्र सांगितलं नाही.

माझे अब्बा, अल्लाह त्यांची मगफिरत करो, सायकलवरून पाव विकायचे. पनवेलमधल्या एका बेकरीतून पहाटे माल उचलायचा, कॅरिअरवर बांबूची मोठी पाटी बांधायची, वर प्लास्टिक टाकायचं आणि रबरी भोंगा वाजवत गावं फिरायची. शाळेतल्या पोरांनी त्या भोंग्यावरून मला एक नाव पाडलं होतं. बीएडला पहिल्या दिवशी सरांनी ओळख करून द्यायला सांगितली, तेव्हा मी उभं राहून म्हणालो, "वडिलांचा बेकरीचा बिझनेस आहे." पुढे नोकरीच्या फॉर्मवरही तेच लिहिलं. सायकलवर पुन्हा बसायचं नाही, हे मी कोणाला न सांगता ठरवून टाकलं होतं.

तरी सायकली आल्याच. मुलीचा हट्ट, आणि शुगरचं भय. डोंगरात चालवायच्या एकवीस गिअरच्या सायकली. जाड खाचेदार टायर, पुढच्या चाकाला शॉकअप. फजरनंतर आम्ही आधी खारघरच्या टेकडीवर सराव केला. फणसवाडी आणि चाफेवाडी या आदिवासी पाड्यांकडे जाणारा तिथला रस्ता सकाळी फिरायला येणाऱ्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी निम्म्यावर मी उतरलो आणि सायकल ढकलत वर गेलो. सत्तरीचे एक आजोबा चालत मला मागे टाकून गेले. महिनाभरात न उतरता वर पोचू लागलो.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना वाटतं, आपल्याभोवती पूल आणि टॉवरच आहेत. पण पनवेल ओलांडून नेऱ्याकडे वळलं की अर्ध्या तासात चित्र पालटतं. कुष्ठरुग्णांसाठी काम करणारं शांतिवन याच बाजूला आहे. वाजे गाव मुलीच्या मैत्रिणींना सलमान खानच्या फार्महाऊसमुळे ठाऊक. त्यापुढे गाढी नदी, पनवेल शहराला पाणी देणारं देहरंगचं धरण, मालडुंगे, आणि शेवटी माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी धोदाणी. तिथली माणसं पायवाटेनं डोंगर चढून माथेरानला भाजी विकायला जातात. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा मातीच्या. साग, ऐन, आणि फेब्रुवारीत पेटल्यासारखा फुललेला पळस. रस्ता सतत वरखाली होतो. एक चढ संपला की उतार, उतार संपतो न संपतो तोच पुढचा चढ.

या वाटेनं जाणार असाल तर चार गोष्टी सांगतो, कारण त्या मी पडून शिकलो आहे. मुरमावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. चाक घसरतं आणि माणूस कोपरावर येतो. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. उतारावर बूड सीटच्या मागे न्यायचं. टायरमध्ये हवा जरा कमी असली की खडीवर पकड बसते. मुलगी हेल्मेटखाली सुती स्कार्फ बांधते, पिन न लावता, आणि सलवारीच्या पायाला रबर लावते. ओढणी मात्र घरीच. धरणावर आणि धबधब्यांवर पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं, ती पाळावी. दरवर्षी कोणाची तरी मुलं जातात. दिवाळी ते होळी हा काळ सर्वांत चांगला. आणि निघायचं पहाटेच, डंपर रस्त्यावर यायच्या आत.

गिअरचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. साध्या काळ्या सायकलला पॅडलची एक फेरी मारली की मागचं चाक जवळपास अडीच फेऱ्या फिरतं. सपाटीवर ते छान, पण चढावर तोच सगळा भार गुडघ्यांवर येतो. आमच्या सायकलच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीला चाक एकापेक्षाही कमी फिरतं. सायकल मुंगीच्या चालीनं जाते, पण पाय हलके राहतात. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी टाकायचा. जोर पडल्यावर टाकला तर साखळी करकरते.

मालडुंग्याच्या पुढच्या चढावर, जानेवारीत, नेमकं हेच माझ्याकडून राहिलं. जड गिअरमध्येच अडकलो. उभं राहून पॅडल मारलं, दहा-बारा फेऱ्यांत मांड्या भरून आल्या, गुडघ्यात कळ आली, आणि मी पाय टेकला. तसाच उभा राहून मनात हिशेब करू लागलो. अब्बांची सायकल वीसेक किलोची. पाटी तीस-चाळीस किलोची. गिअर एकच, तो जड. शेवटची दहा वर्षं ते खुर्चीवर बसून नमाज पढायचे. गुडघे वाकत नव्हते. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं.

मुलगी पुढून वळून परत आली. "काय झालं अब्बू? चक्कर?"

"नाही. तुझे दादा या बाजूला पाव विकायला यायचे."

तिला ठाऊकच नव्हतं. तिलाही मी बेकरीच सांगितली होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग माझ्या हँडलवरचं बटण दाबून म्हणाली, "आधी पॅडल फिरवा, मग पुढचा छोटा टाका. दादा कुठपर्यंत यायचे?"

मला सांगता आलं नाही. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मोठ्या पाटीमागे सायकल ढकलत वाकलेली त्यांची पाठ तेवढी आठवते, तीही मोहल्ल्याच्या तोंडाशी पाहिलेली. त्यापलीकडचा रस्ता मी कधी पाहिला नाही.

धोदाणीत एका दुकानात चहा घेतला. काचेच्या बरणीशेजारी पावाच्या लाद्या ठेवल्या होत्या. दुकानदार म्हणाला, टेम्पोनं येतात. मुलीनं दोन पाव घेतले, चहात बुडवून खाल्ले. शुगर असूनही एक मी खाल्ला.

संध्याकाळी पनवेलला अम्मीकडे गेलो. तिला म्हणालो, आज धोदाणीपर्यंत सायकलनं गेलो होतो. तिनं तसबीह बाजूला ठेवली.

"मालडुंग्यापर्यंत जायचे ते," ती म्हणाली. "लग्नसराईत धोदाणीलाही. पावसात रेनकोट पाटीवर टाकायचे. पाव भिजले तर घेणार कोण? म्हणून तर अंगानं चिंब होऊन यायचे."

रेनकोट असूनही अब्बा भिजून का येतात, असं मी लहानपणी तिला विचारल्याचं मला आठवतं. तिनं तेव्हा काय उत्तर दिलं, ते आठवत नाही.

"तुझ्या सायकलला किती गिअर आहेत?" तिनं विचारलं.

"एकवीस."

"एवढे कशाला रे?" अम्मी म्हणाली, आणि माझ्या मुलीकडे वळून, "पुढच्या वेळी जाशील तेव्हा येताना तिकडची वालपापडी घेऊन ये. तुझे दादा आणायचे."