तडा आणि ठिगळ

जुनी मोटार पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा तिचे तोंड पाहून परततो. गोल दिवे, लांबट नाक, आरशासारखा रंग, एवढ्यावर त्याचे समाधान होते. आम्हांस मात्र अशा वेळी जमिनीवर उताणे पडून तिच्या पोटाखाली डोकावण्याची अनिवार इच्छा होते. लोक हसतात, हसोत. मोटारीचे खरे वय तिच्या पोटात लिहिलेले असते, आणि जो तिला रस्त्यावर नेणार त्याचा जीवही तेथल्याच चार-दोन ब्रॅकेटांना टांगलेला असतो.

इंग्लंडातील ट्रायम्फ कंपनीच्या ‘टीआर’ मोटारींचे उदाहरण घेऊ. १९६१ च्या टीआर४ मध्ये मागची दोन्ही चाके एकाच ताठ आसाने जखडलेली होती. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यासही हिसका बसे. डिफरन्शिअलची पेटी त्या आसाच्या मध्यभागी असे व त्याच्याबरोबरच वरखाली होई. १९६५ साली टीआर४ए आली, तेव्हा मागच्या प्रत्येक चाकास स्वतंत्र भुजा व स्वतंत्र स्प्रिंग मिळाली. बसणाऱ्याच्या पाठीस सुख झाले. परंतु चाके मोकळी झाल्यावर ती जड पेटी कोठेतरी स्थिर बांधणे भाग होते. ती सांगाड्यास झळलेल्या चार ब्रॅकेटांवर, मध्ये रबर घालून, बसविण्यात आली. चाकांना मिळालेल्या स्वातंत्र्याची किंमत या चार ब्रॅकेटांनी चुकती करावयाची होती!

इंजिन चाकांना पुढे फिरवू लागले की पेटी उलट दिशेने फिरू पाहते. तिचे नाक वर उचलले जाते आणि पाय काढताच खाली येते. हा रेटा आणि ही ओढ पुढच्या दोन ब्रॅकेटांच्या पिनांवर पडते. त्यांतही उजव्या बाजूचे ब्रॅकेट विशेष बदनाम आहे. टीआर४ए चे इंजिन १०४ अश्वशक्तीचे होते. १९६७ च्या टीआर५ मध्ये सहा सिलिंडरांचे, २४९८ सीसीचे इंजिन आले आणि कारखान्याने त्याची शक्ती १५० सांगितली. पुढच्या टीआर६ मध्येही, १९७६ साली तिचे उत्पादन थांबेपर्यंत, मागची मांडणी मूलतः तीच राहिली. मिळवता एकच आणि खाणारी तोंडे वाढत गेली, असे झालेले संसार आपण पाहिलेले आहेत. त्यांची ओढाताण कोणास समजावून सांगावयास नको.

लोखंड एका दिवसात तुटत नाही. एका घावात जे सहज सोसते, तेच लाखो वेळा सोसावे लागले की ते थकते. ऑगस्ट व्यूलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून हे दाखवून दिले होते. तडा प्रथम केसाएवढा असतो, रंगाखाली दडलेला असतो. पुढे क्लच सोडताना मागून ‘ठक्’ असा आवाज येऊ लागतो. मालक तो दुसऱ्याच एखाद्या सांध्याच्या माथी मारतो. आतून गंजही आपले काम मुकाट्याने करीत असतो.

दुरुस्ती करावयाची ती पेटी उतरवून, रंग व मळ खरवडून, धातू उघडा करूनच. तांबडा भेदक रंग लावून पुसला आणि वर पांढरी पूड फवारली की तडा स्वतःच आपली रेघ उमटवितो. त्या रेघेच्या टोकाशी बारीक भोक पाडतात. हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस नवल वाटले. फाटत्या वस्तूस आणखी भोक? परंतु तड्याचे बळ त्याच्या अणकुचीदार टोकात असते. टोक गोल झाले की ताण पसरतो. मग तडा कोरून वेल्डिंगने भरावयाचा आणि ब्रॅकेटाची उघडी बाजू पत्र्याने बंद करून त्यास पेटीचा आकार द्यावयाचा.

येथे उत्साही कारागिराचा हात आवरावा लागतो. जुन्या धोतरास जाड मांजरपाटाचे ठिगळ लावले तर ठिगळ शाबूत राहते आणि धोतर त्याच्या कडेला फाटते. पत्र्याचेही तसेच आहे. फार जाड तुकडा जोडला की तडा त्याच्या काठाशी नव्याने जन्म घेतो. चांगले ठिगळ नुसते बळकट असून भागत नाही. आलेला भार त्याने आजूबाजूच्या धडधाकट भागांत वाटून द्यावा लागतो. आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायका हे पुस्तकावाचून जाणत होत्या.

काही शौकीन मात्र अशा जादा पत्र्यास नाक मुरडतात. कारखान्यातून निघाली तशीच मोटार राहिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्या आग्रहामागील प्रेम आम्हांस मान्य आहे. जुन्या वस्तूचे मोल तिच्या मूळपणात असते, हेही मान्य आहे. परंतु उणीव हीदेखील मूळचीच होती, आणि तिची पूजा करण्याची किंमत शेजारी बसलेल्या निरपराध माणसाने का द्यावी? प्रदर्शनात उभी करावयाची असेल तर तिला खुशाल अस्पर्श ठेवावे. घाटात न्यावयाची असेल तर ठिगळ लावावे, ते रंगाखाली लपवू नये आणि उद्या मोटार घेणाऱ्यास त्याची जागा बोट ठेवून दाखवावी.