नेट कोण लावतं?

त्या गुरुवारी नेट लावलेलं नव्हतं.

डॅलसजवळ आम्ही राहतो तिथे एका चर्चचा मोठा हॉल आहे. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ देसी इंजिनिअर तो बॅडमिंटनसाठी भाड्याने घेतो. आम्ही पोचायच्या आत एक पोरगा नेट ताणून ठेवायचा. एकोणीस वर्षांचा. त्याची आई चर्चमध्ये साफसफाई करते. आमच्यात माणूस कमी पडला की तो खेळायचा आणि स्मॅश बसला की आमच्याकडून शिकलेलं "घे!" ओरडायचा.

मार्च २०२५ मधल्या त्या गुरुवारी हॉलचं दार बाईंनी उघडलं. बाई म्हणजे चर्चमधल्या एक निवृत्त शिक्षिका, वय पंचाहत्तरच्या पुढे. इतक्या मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं मला अजून जमत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणतो. त्या म्हणाल्या, "तो येणार नाही. त्याला पकडलंय."

गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसांनी थांबवलं. लायसन्स नव्हतं. टेक्सासमध्ये कागद नसलेल्यांना ते मिळतच नाही. काउंटी जेलमधून दोन दिवसांनी तो इमिग्रेशनवाल्यांच्या, म्हणजे 'आइस'च्या ताब्यात गेला. २०१५ साली आईचा हात धरून होंडुरासहून आला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. लहानपणी आलेल्यांसाठी 'डाका' नावाची सवलत आहे, पण ती जून २००७ च्या आधीपासून इथे असलेल्यांनाच.

त्या रविवारी मी पहिल्यांदाच रॅकेट न घेता चर्चमध्ये गेलो. मी मिरजेचा. आमच्याकडे मिशन हॉस्पिटलमुळे चर्च म्हटलं की आधी दवाखाना आठवतो, त्यामुळे परकं काही वाटलं नाही. प्रार्थना झाली, दोन मिनिटं. मग बाईंनी फळ्यावर कामं लिहिली. आईच्या घराचं भाडं. धाकट्या बहिणीला शाळेत सोडणं. त्याला आतून फोन करता यावा, नूडल्स विकत घेता याव्यात म्हणून खात्यात पैसे. शनिवारी भेटायला कोण जाणार? आई जाऊ शकत नव्हती, कारण कागद तिच्याकडेही नाहीत. आणि सगळ्यात वर: वकील. चोरीच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकार देतं. इमिग्रेशनचा खटला दिवाणी धरला जातो, तिथे सरकार वकील देत नाही. माणूस कोठडीत असला तरी.

फळ्यावरचं सगळं मी गूगल शीटमध्ये उतरवलं. आपल्याला तेवढंच येतं. पहिल्या ओळीत त्याचा ए-नंबर: 'ए' आणि पुढे नऊ आकडे. तो कुठल्या कोठडीत आहे हे याच नंबराने ऑनलाइन शोधता येतं. टाइप करताना माझा हात थांबला. तसला नंबर माझ्याकडेही आहे, एमएसनंतर मिळालेल्या वर्क परमिटवर छापलेला. 'ए' म्हणजे एलियन.

दुसऱ्या शनिवारी बाईंना घेऊन मी गेलो. अडीच तासांचा रस्ता. मध्ये काच, दोन्हीकडे फोनचे रिसीव्हर, अर्धा तास. मी काय बोलावं हे ठरवून गेलो होतो. त्यानेच विचारलं, "आता नेट कोण लावतं?"

"आम्हीच. ढिलं राहतं."

मग दहा मिनिटं तो हवेत हात फिरवत समजावत होता, की आधी खालची दोरी बांधायची, वरची नंतर.

एप्रिलमध्ये जामिनाची सुनावणी लागली. इथे जामीन किमान १,५०० डॉलर, आणि सगळी रक्कम भरावी लागते. हा पळून जाणार नाही, याची इथे माणसं आहेत, हे न्यायाधीशाला दाखवायला पत्रं लागतात. पत्रात नाव, पत्ता, स्वतःचं इमिग्रेशन स्टेटस, सोबत ओळखपत्राची प्रत. मी दीड पान लिहिलं. नेटच्या दोरीसकट.

रूममेट म्हणाला, "अरे, तुझं ग्रीन कार्डचं चालू आहे. सरकारी फाइलमध्ये कशाला नाव घालतोस?" बाबा फोनवर म्हणाले, "आपण बरं, आपलं काम बरं." दोघंही चुकीचं बोलत नव्हते. त्याच महिन्यात विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाल्याच्या बातम्या रोज येत होत्या. शाळा, दवाखाने, चर्च इथे सहसा धरपकड करायची नाही हा जुना नियमही जानेवारीतच मागे घेतला होता.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी १९८२ ची गोष्ट काढली. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालातून पळून आलेल्यांना उघडपणे आसरा दिला. तिथले पाद्री जॉन फाइफ यांना १९८६ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं, प्रोबेशनवर सोडलं. मला वाटलं आता त्या म्हणणार, बघ, धीर धर. त्या म्हणाल्या, "फाइफ नागरिक होते. त्यांना देशाबाहेर कोण काढणार होतं? तू सही करू नकोस. त्यासाठी आम्ही आहोत."

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते ती त्या सुटल्यासारखं वाटण्याची.

फाइलमध्ये ४३ पत्रं लागली. माझं नव्हतं. न्यायाधीश स्क्रीनवर, तो दुसऱ्या स्क्रीनवर. जामीन ८,००० डॉलर. कुणाच्या पेन्शनीतून, स्पॅनिश प्रार्थनेला येणाऱ्या बायकांनी विकलेल्या तमालेंमधून पैसे जमले. पाकिटात मीही घातले. पाकिटावर नाव लिहावं लागत नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी नेट लावलेलं होतं, ताठ. तो वाळला होता. हात मिळवून म्हणाला, "पत्रासाठी थँक्स. सगळ्यांनी लिहिली म्हणे." मी म्हणालो, "चल, सर्व्हिस कर."

जामीन म्हणजे सुटका नव्हे, हे मला आता कळतं. मूळ खटला चालूच आहे. इमिग्रेशन कोर्टांत तीस लाखांहून जास्त खटले तुंबलेत. त्याची पुढची तारीख २०२७ ची आहे. तेव्हा पुन्हा पत्रं लागतील. माझा व्हिसा तेव्हा कुठल्या अवस्थेत असेल, मला माहीत नाही. डिसेंबरात स्टॅम्पिंगसाठी भारतात यायचंय, त्याची धाकधूक आत्ताच आहे.

काल रात्री ते शीट उघडलं. ४३ ओळींखाली एक ओळ वाढवली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, स्टेटसच्या रकान्यात एच-वन-बी. मग रूममेटला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "पत्रातलं इंग्लिश एकदा मला दाखव."