ठेंगडींचं पोस्टकार्ड

ग्वाल्हेरला बिर्लानगरची कापडगिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली. पुढे कामगारांच्या घरांतून युनियनचे कागद रद्दीत निघू लागले. वर्गणीच्या पावत्या, पत्रकं, पत्रं. कामगार पुढाऱ्यांच्या सह्या जमवायचा नाद मला तिथे लागला. इथे वाजपेयींच्या सहीला भाव आहे. डांगे-ठेंगडींसारख्या कामगार पुढाऱ्यांचे कागद मात्र किलोवर जातात. मला ते सोयीचंच.

एकदा मे १९७४ च्या रेल्वे संपाचं पत्रक समोर आलं. खाली जॉर्ज फर्नांडिसांची सही. "भाईसाहब, असली है," विकणारा शपथेवर सांगत होता. भिंगातून पाहिलं तर सही आणि मजकूर एकाच शाईचे, सारखे काळे. हाताने केलेली सही कुठे जाड, कुठे बारीक उमटते. त्याच्याकडे आणखी एक प्रत होती. दोन्ही एकावर एक धरून उजेडात पाहिल्या. सह्या केसभरही सरकल्या नाहीत. कुणी दोनदा इतकी हुबेहूब सही करत नाही; ब्लॉकने छापलेली होती. तरी पत्रक घेतलं, पत्रकाच्या किमतीत.

ठेंगडींचं पोस्टकार्ड गिरणीतल्या एका निवृत्त काकांनी दिलं. भारतीय मजदूर संघ ठेंगडींनी १९५५ साली भोपाळला स्थापन केला, त्यामुळे आमच्या भागात त्यांच्या ओळखीची माणसं बरीच. पोस्टकार्डाचं मला फार अप्रूप. मजकूर, सही, पत्ता आणि टपालाचा शिक्का एकाच तुकड्यावर; खरेपणा तपासायला आणखी काय हवं?

मी ते फ्रेमवाल्याकडे दिलं. "चिकटवू नका" असं बजावलं होतं. त्याने पत्त्याची बाजू डिंकाने पुठ्ठ्याला चिकटवून टाकली. शिक्का आत गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरी पाणी लावून सोडवायचा मोह झाला होता. बरं झालं, आधी कागदांचं संवर्धन करणाऱ्या एका बाईंना विचारलं. शाई फाउंटन पेनची होती, ओलीने फुटली असती. त्यांनी कार्ड पालथं ठेवून पुठ्ठा मागून पातळ पापुद्र्यांनी कोरडाच काढला. शेवटचा थर राहू दिला. शिक्क्याचं वर्ष वाचता येतं, गाव नाही.

काका अधूनमधून विचारतात, कार्ड कसं आहे. छान आहे, म्हणतो.

आता कार्ड पॉलिएस्टरच्या पाकिटात, लोखंडी कपाटात असतं. लॅमिनेशन मी कशालाच करत नाही. कुणाकडून, कधी मिळालं ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहितो. भिंतीवर रंगीत झेरॉक्स लावली आहे. पाहुण्यांना फरक कळत नाही.