पाणी पेलणारा कागद

जलरंगात पांढरा रंग कागदच पुरवतो. तैलचित्रात उजेड शेवटी वरून लावता येतो. जलरंगात तो तळातून वर यावा लागतो. रंगाच्या पातळ थरातून प्रकाश आत शिरतो, कागदाला भिडून माघारी फिरतो आणि येताना रंगाची कांती घेऊन येतो. म्हणून चांगल्या कागदावर साधे रंगही खुलतात आणि कच्च्या कागदावर महागडे रंग कोमेजतात. धार-देवासच्या पठारावरचे वैशाखातले पांढरे ऊन किंवा आषाढात देवासच्या टेकडीवर उतरलेले ढग चित्रात धरायचे, तर पहिली निवड कागदाची करावी लागते. ती करताना चार गोष्टी पाहायच्या: तंतू, खळ, पोत आणि वजन.

सर्वांत आधी तंतू. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे. लाकडात सेल्युलोजच्या जोडीला लिग्निन असते. ते पुरते काढले नाही, तर उजेडाने आणि हवेने कागद पिवळा पडतो, पुढे ठिसूळ होतो. कापूस मात्र जवळजवळ निखळ सेल्युलोज. धार जिल्ह्याच्या नर्मदेकडच्या अंगाला, कुक्षी-मनावरच्या पट्ट्यात तो शेतात पिकतो. देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये ज्या कागदावर नोटा छापतात, तोही कापसाचाच. असंख्य घड्या सोसून, घामाने भिजून नोट हातोहात फिरत राहते, ते या तंतूंच्या बळावर. चित्रकाराला हेच बळ हवे असते. ओला कागद कुंचल्याने पुन्हा पुन्हा घासला, वाळलेला रंग ओलावून उचलला, तरी त्याचा पृष्ठभाग उसवता कामा नये. म्हणून टिकवायच्या चित्रासाठी शंभर टक्के कापसाचा आणि आम्लमुक्त कागद घ्यावा. सरावाला लाकडाच्या शुद्ध केलेल्या लगद्याचा आम्लमुक्त कागद चालतो.

दुसरी गोष्ट खळ. तिलाच सायझिंग म्हणतात. तिचे महत्त्व धार जिल्ह्यातल्या बाग गावी, ठसेछपाईच्या कामात उलट्या बाजूने दिसते. तिथे छापण्याआधी कापड धुऊन त्यातली खळ काढून टाकतात, कारण रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरायला हवा असतो. जलरंगाच्या कागदाला खळ मुद्दाम देतात, कारण इथे रंग वरच्या वर राहायला हवा. ती लगद्यात मिसळतात, आणि उत्तम कागदावर पुन्हा पृष्ठभागावरही चढवतात. त्यासाठी जिलेटिन पूर्वापार वापरात आहे. खळ कमी पडली, तर कागद टीपकागद होतो: रंग लागताच आत जातो, कडा पसरतात आणि वाळल्यावर सगळे मळकट दिसते. ती फार झाली, तर पाणी थेंबाथेंबांनी वरच घरंगळत राहते. बेताची असली, तर ओल काही काळ पृष्ठभागावर टिकते. ढगाची कड आभाळात विरघळवायची असते, ती नेमकी तेवढ्या वेळात.

पोत हा तिसरा भाग. तापलेल्या रुळांतून दाबलेला हॉट प्रेस कागद गुळगुळीत असतो, थंड दाबाचा कोल्ड प्रेस मध्यम दाण्याचा, आणि गुळगुळीत करण्यासाठी न दाबता वाळवलेला रफ खडबडीत. यात थोर-धाकटा असा क्रम नाही. चित्राचा स्वभाव पाहून पोत ठरतो. धार जिल्ह्यातल्या मांडूमध्ये १४३९ साली सचित्र कल्पसूत्राची पोथी कागदावर तयार झाली, आणि १५०० च्या सुमारास ‘निमतनामा’ हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ. तशा कामाला घोटून गुळगुळीत केलेला कागद लागतो: रेघ बारीक, अक्षर आणि चित्र एकाच पानावर, रंग दाट. निसर्गचित्राची गरज वेगळी. शेजारच्या इंदुरात दत्तात्रय दामोदर देवळालीकरांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार घडले आणि माळव्याचे घाट, गल्ल्या, झाडे चित्रांत आली. अशा उघड्यावरच्या जलरंगाला दाणा साथ देतो. कोरडा कुंचला ओढला, की खळगे पांढरे राहतात आणि पाण्यावर ऊन चमकते. अल्ट्रामरीनसारख्या रंगाचे कण त्याच खळग्यांत बसतात आणि मांडूच्या जुन्या भिंतींचा खरखरीतपणा आपसूक उमटतो. नवशिक्याने कोल्ड प्रेसपासून सुरुवात करावी. रेघ आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरलेला थर, दोन्ही त्यावर जमतात.

चौथी गोष्ट वजन. एक चौरस मीटर कागद जितके ग्रॅम भरतो, तितके त्याचे जीएसएम. २०० च्या आतला कागद ओला होताच फुगतो, त्यावर लाटा उठतात आणि रंग खोलगटात साचतो; तो आधी भिजवून, फळीवर ताणून, कडांना गोंदपट्टी लावून वाळवावा लागतो. ३०० जीएसएम बहुतेक कामांना पुरतो, फार पाण्याचे काम असेल तर तोही ताणून घ्यावा. ६४० चा ताठ कागद ताणल्याशिवायही टिकतो, पण किंमत चढते.

या चार गोष्टींवर इथल्या हवेचा परिणाम होतो. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वॉश पुरा होण्याआधीच त्याची कड वाळते. कापसाचा जाड कागद ओल धरून ठेवतो आणि चित्रकाराला उसंत देतो. पावसाळ्यात दमटपणाने खळ जागोजागी कमजोर होते. कोरड्या कागदावर हे दिसत नाही, रंग लागल्यावर गडद ठिपके उठतात. म्हणून कागद सपाट, हवाबंद वेष्टनात, ओलसर भिंतीपासून दूर आणि कसर-वाळवीपासून जपून ठेवावा. गठ्ठा विकत घेण्यापेक्षा एका मोसमाला पुरेल इतकाच घ्यावा.

मोसमाचा कागद घेण्याआधी एक ताव आणून पारखावा. तिरप्या उजेडात धरून दाणा पाहावा. यंत्राने उमटवलेला एकसारखा ठसा दिसला, तर पोत वरवरचा समजावा. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. लगेच शोषला गेला, तर खळ कमी आहे. एका पट्टीवर सपाट वॉश द्यावा, दुसरीवर वाळलेला रंग ओल्या कुंचल्याने उचलावा, तिसरीवरची चिकटपट्टी काढताना तंतू निघतात का ते पाहावे. चौथी पट्टी अर्धी झाकून काही आठवडे खिडकीत ठेवावी. उघडा भाग पिवळा पडला, तर तो कागद टिकाऊ कामाचा नव्हे.

पूर्ण ताव साधारण ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा असतो. त्याचे चार किंवा आठ तुकडे केले, की चांगला कागदही परवडतो. सराव फक्त हलक्या प्रतीच्या कागदावर करू नये. वॉश किती वेळ ओला राहतो आणि रंग किती उचलला जातो, हे तसा कागद चुकीचे शिकवतो आणि हाताला तीच सवय लागते. चांगल्या कागदाचा लहान तुकडा रोज वापरावा आणि एकच कागद बराच काळ बदलू नये. त्याची ओल, त्याचा दाणा, त्याची सोशिकता हाताला ओळखीची झाली, की लक्ष समोरच्या उजेडाकडे देता येते.